पाण्याची पट्टी

कणकुंबीत पडलेलं पावसाचं पाणी दोन समुद्रांना जातं. माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली मलप्रभा पूर्वेची वाट धरते, खानापूरवरून सौंदत्तीला जाते, तीनशे किलोमीटर चालून कूडलसंगमाला कृष्णेत शिरते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच शिवारातला कळसा नाला पश्चिमेकडे तोंड करून वाहतो. तो घाट उतरून गोव्यात म्हादईच्या पाण्यात मिसळतो आणि म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात जाते. या दोन पाण्यांच्या मधोमध आमचं गाव. कौलारू घरं, भाताची खाचरं, नाचणीचे उतार, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत समोरचं झाडसुद्धा दिसू नये असं धुकं.

मी पेटी वाजवते. बेळगावात शिकले, तिथेच राहते, सुट्टीला गावी येते. त्यामुळे या दोन उतारांचा माझा नकाशा गाणाऱ्यांच्या नावांनी भरलेला आहे. पूर्वेला मलप्रभेचं पाणी सौंदत्तीच्या धरणातून हुबळी-धारवाडच्या नळांना जातं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांची ही शहरं. पश्चिमेला उतरलं की केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ. डोंगराच्या दोन्ही अंगांना एवढं गाणं पिकलं आणि माथ्यावरच्या आमच्या गावाला भजन, धनगरांचे ढोल, सत्तरीकडून वर आलेलं रणमालं, आणि पाऊस. लहानपणी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, आणि ते का वाटेनासं झालं हेच सांगायला मी बसले आहे.

डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो. 2016 साली तो सुरू झाला. जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत, आदिलशहाचा राजवाडा, कला अकादमी, कांपालचं मैदान अशा जागा त्या दिवसांत चित्रं, नाटकं, नाच, गाणी यांनी भरून जातात. नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला त्यातला शनिवार-रविवार येतो. मी तेवढाच घेतला आणि मनाशी एक ठरवलं, की ओळखीचं गाणं या वेळी बाजूला ठेवायचं. जिथे कोणी अजून नाव न पडलेलं काहीतरी करून बघत असेल तिथेच जाऊन बसायचं.

शुक्रवारी रात्री गावी मुक्काम केला आणि सकाळची बस धरली. चोर्ल्याचा घाट, अंजुण्याच्या धरणाचं पाणी, केरी (सत्तरीतली, केसरबाईंची नव्हे), साखळी, डिचोली. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि खाली केरीला ते सुटतात. सुटले की बसचा आवाज, बाजारातली हाकाटी, कोंबडा, सगळं एकदम धुऊन काढल्यासारखं कानावर येतं. गोव्याला जाताना दर वेळी हा क्षण मिळतो. या खेपेला मी त्याची वाट बघत होते.

या महोत्सवात ‘रिव्हर राग’ नावाचा एक कार्यक्रम असतो. सूर्य मावळायच्या बेताला मांडवीत एक बोट निघते आणि तिच्यावर मैफल होते. नाव नोंदवून मी बोटीत जागा मिळवली. गायिका तरुण होती. मागे दोन तंबोरे, डाव्या हाताला पेटी, उजव्या हाताला तबला. सगळं ओळखीचंच दिसत होतं, आणि आपण चुकीच्या जागी आलो की काय अशी शंका मनात येत होती, तेवढ्यात बोटीचं इंजिन सुरू झालं.

इंजिनाचा एक सूर असतो. बोट एका वेगाला लागली की तो स्थिर होतो. मी सवयीने तो पेटीच्या पट्ट्यांवर शोधू लागले, तर तो काळी दोनच्या थोडा वर आणि पांढरी तीनच्या थोडा खाली, दोघींच्या मधल्या फटीत बसला होता. पेटीवर तिथे पट्टी नाही. गायिकेने तंबोऱ्याला हात लावला नाही. ती ऐकत राहिली. मग मागच्या मुलाला तिने खूण केली आणि आधी जुळवून ठेवलेले दोन्ही तंबोरे तिथल्या तिथे नव्याने लावायला घेतले. खुंट्या अगदी किंचित सैल झाल्या. जोडीच्या तारा त्या फटीतल्या सुरावर आल्या, मग खर्ज, मग पंचम. शेवटी घोडीवर तारेखालचं सूत. ते तिने नखाने जेमतेम केसभर सरकवलं. आधी तार नुसती वाजत होती. सूत सरकताना ती क्षणभर बोथट झाली, आणखी थोडं सरकलं तशी आतून उघडली आणि तिच्यातून वरचे सूर एकामागून एक बाहेर पडू लागले. जवारी लागली. मिरजेत पिढ्यान्पिढ्या तंबोरे घडवणारी माणसं या एवढ्याशा उघडण्यासाठी दिवसभर कानस घेऊन बसतात. शस्त्रांना धार देणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तिथला हा धंदा उभा राहिला. तो हात आणि तो कान मला त्या नखात दिसला.

दोन्ही तंबोरे झंकारू लागले आणि इंजिनाचं काय झालं हे शब्दांत नीट सांगता येत नाही. आवाज होता तेवढाच होता, कमी-जास्त झाला नाही. पण इतका वेळ जो मैफलीच्या आड येत होता, तोच आता तिचा खर्ज झाला होता. गायिकेने षड्ज लावला तो त्या डिझेलच्या सुरावर. मग बोटीने वळण घेतलं, इंजिन थोडं खाली आलं, आणि तीही मींडेने त्याच्याबरोबर खाली उतरली. तंबोरे मागे राहिले आणि थोडा वेळ दोन षड्ज एकमेकांना घासत वाजत राहिले. त्या घासण्यात लाटा असतात, मोजता येतील अशा. तिने घाई केली नाही, ते घासणं पूर्ण ऐकू दिलं.

आणि पेटीवाला? त्याने भाता मिटवला, दोन्ही हात पेटीवर ठेवले आणि तो पहिला सगळा भाग ऐकत बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कुठलीही अडचण नव्हती. पण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं, कारण तिथे मी असते तर मलाही तेच करावं लागलं असतं. माझ्या वाद्याचे सूर बनवणाऱ्याने घासून कायमचे पक्के केलेले आहेत. मधल्या जागा माझ्या हातात नाहीत.

ही गोष्ट आमच्या भागाला फार जुन्या काळापासून टोचत आली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीत होते, डेप्युटी कलेक्टर. या माणसाने फायलींतून वेळ काढून गवयांच्या गळ्यातले सूर मोजायला घेतले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गळा त्यांच्या मदतीला होता. 1910 साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. ई. क्लेमेंट्स नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्यासह त्यांनी श्रुतींची पेटी बनवून घेतली, जिच्यात त्या मधल्या जागांना पट्ट्या होत्या. 1916 साली बडोद्याला भातखंड्यांनी भरवलेल्या संगीत परिषदेत त्या पेटीवर वाद झाला आणि ती काही मान्य झाली नाही. पुढे 1940 साली आकाशवाणीने पेटीलाच दार बंद केलं, ते 1971 पर्यंत. त्या तीस वर्षांत बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत राहिले, शिकवत राहिले. नव्वदी ओलांडलेले रामभाऊ 2010 साली गेले. त्यांच्या शहरात शिकल्यामुळे मला एवढं कळतं की नसलेल्या जागेचा भास भात्याच्या दाबाने, बोट उचलण्याच्या क्षणाने निर्माण करता येतो. गाणारा त्या फटीत गेला की वादकाने मागे सरायचं आणि त्याला वाट द्यायची. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्याने सिद्ध केली. म्हणजे शंभर वर्षं झाली तरी ही माणसं त्याच फटीशी काम करत आहेत. प्रयोगशील संगीत म्हटलं की लोकांना परदेश आठवतो. मला सांगलीतलं ते सरकारी अधिकाऱ्याचं घर आठवतं.

परदेशाचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. पंडित प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. 1970 साली ते न्यूयॉर्कला गेले आणि ला मॉन्ट यंग, टेरी रायली यांच्यासारखे तिथले प्रयोगशील संगीतकार त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले. त्या माणसांना तंबोऱ्याचंच वेड लागलं होतं. एक सूर किती वेळ ऐकता येतो, आणि तेवढा वेळ ऐकल्यावर त्याच्या पोटातून काय काय निघतं, हा त्यांचा प्रश्न होता. किराण्याच्या गवयाला हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही.

शनिवारी रात्री आणखी एका ठिकाणी बसले. त्या कार्यक्रमाबद्दल मोकळेपणी लिहायला हवं. संगणकावरून आवाज सोडले जात होते, भिंतीवर प्रकाश हलत होता, आणि आवाज इतका मोठा होता की छातीचा पिंजरा हादरत होता. मोठ्या आवाजाला माझा विरोध नाही. आमच्याकडचे गजनृत्याचे धनगरी ढोल समोर उभं राहून ऐकले की पोटात खड्डा पडतो. पण त्या ढोलांत दोन ठोक्यांच्या मध्ये डोंगर ऐकू येतो. ढोलवाला ठोका देतो आणि पलीकडच्या उतारावरून तो परत यायची वाट बघतो. इथे वाट बघणं नव्हतं. ऐकणाऱ्याला काही शोधायला जागाच ठेवली नव्हती. नवीन यंत्रं होती, नवीन आवाज होते, तरीही ते संगीत मला जुनं वाटलं, कारण त्याने माझ्या कानाला काहीच करायला लावलं नाही. संध्याकाळी बोटीवर एकही नवीन वाद्य नव्हतं आणि तिथे मात्र मला पहिल्यांदाच काहीतरी ऐकल्यासारखं झालं होतं.

प्रयोगाची सुरुवात गळ्यात किंवा यंत्रात होत असेल असं मला वाटत नाही. ती कानात होते. याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्याच जिल्ह्यात जन्मला. बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकली लहानपणीच कुमार गंधर्व म्हणून गाजला. दहा-बारा वर्षांचा असताना मोठमोठ्यांची गायकी तो हुबेहूब उतरवायचा. ऐन उमेदीत क्षयाने फुप्फुस धरलं. 1948 साली ते माळव्यात देवासला राहायला गेले आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद झालं. अंथरुणावर पडलेल्या गवयाला करण्यासारखं एकच काम उरलं, ऐकणं. वाटेने जाणाऱ्या बायाबापड्यांची माळवी गाणी कानावर येत राहिली. रागाच्या आधीची धून, धुनेतून राग कसा उगवतो, हे त्यांना त्या दिवसांत दिसलं. उठल्यावर ते गायले ते वेगळंच होतं. धुनउगम राग, ‘गीत वर्षा’ सारखे ऋतूंचे कार्यक्रम, एका श्वासात मावणारी छोटी, तीक्ष्ण तान. त्या ताना फुप्फुसाच्या मर्यादेमुळे आल्या असं म्हणतात. असेलही. पण त्या तानांच्या मधली शांतता अंथरुणावरच्या ऐकण्यातून आली, असं मी मानते. आपल्याकडे या माणसाला बंडखोर म्हणायची पद्धत पडली. बंडखोराला आधी बोलायचं असतं. कुमारांनी काही वर्षं तोंड मिटून कान उघडा ठेवला.

तिकडे अमेरिकेत संगीतकार जॉन केज यांच्या आयुष्यातही अशाच एका ऐकण्याने वळण आलं आणि त्या वळणावर एक भारतीय बाई उभी आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई 1946 साली न्यूयॉर्कला गेल्या होत्या. केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून आपलं संगीत समजून घेतलं. गाणं कशासाठी, असं केज यांनी विचारलं. मन निवळावं, शांत व्हावं म्हणून, असं आपले गुरू सांगतात, हे गीताबेननी सांगितलं आणि ते केज यांनी जन्मभर धरून ठेवलं. 29 ऑगस्ट 1952 रोजी वुडस्टॉकजवळच्या रानातल्या एका लाकडी सभागृहात डेव्हिड ट्यूडर केज यांची रचना घेऊन पियानोसमोर बसले आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद त्यांनी एकही सूर वाजवला नाही. लोक चिडले. केज पुढे सांगत, की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्या भागात छपरावर पावसाचे थेंब पडू लागले, तिसऱ्या भागात चिडलेल्या माणसांची कुजबुज आणि पावलं. याच ट्यूडर यांनी 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आणून बसवला आणि तिथे गीताबेनसह आपल्या माणसांनी केलेलं ध्वनिमुद्रण जवळजवळ पन्नास वर्षं कपाटात पडून राहिलं.

छपरावर पडणारे ते थेंब वाचले तेव्हा मी बेळगावच्या खोलीत होते आणि मला आमचं घर आठवलं. कणकुंबीत वाढलेल्या मुलाला पाऊस हा एक आवाज म्हणून ठाऊकच नसतो. कौलांवरचा पाऊस भरड आणि एकसारखा असतो. गोठ्याच्या पत्र्यावरचा कडक, बोलणं बुडवणारा. परसातल्या केळीच्या पानावर तो मोठ्या थेंबांनी आणि थांबून थांबून पडतो, कारण पान आधी पाणी साठवतं आणि मग वाकून एकदम सोडतं. खाचरातल्या साठलेल्या पाण्यावरचा पाऊस जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे बेडकांचं राज्य. आणि इरल्याच्या आत, वाकून रोप लावणाऱ्या बाईला तो दोन्ही कानांच्या मध्ये ऐकू येतो. आजी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची, वारा फिरला, आता पत्र्यावर आधी येतंय आणि कौलावर मागून. उद्या उघडीप मिळणार की नाही हे ती त्यावरून ठरवायची. त्या वयात मला गाणं म्हणजे धारवाड आणि गाणं म्हणजे मंगेशी. आजीच्या कानाला मी कशात धरतच नव्हते.

रविवारी सकाळी मी महोत्सवाच्या कुठल्याच मांडवात गेले नाही. पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर चहा पीत उभी होते. तिथे एक तरुण मुलगी पायऱ्यांवर बसून एक काळी वायर पाण्यात सोडत होती. गळ टाकून बसावं तशी, पण गळ नव्हता. वायरच्या टोकाला पाण्याखालचं ऐकणारा मायक्रोफोन होता. मी बघत राहिले तशी तिने काही न विचारता हेडफोन माझ्या हातात दिला.

तापल्या तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट. सगळीकडून, सतत, जवळ आणि दूर. मला वाटलं यंत्रात बिघाड आहे. मुलगी म्हणाली, “ताई, कोळंबी आहे ती.” चिमट्यासारखी नांगी असलेली छोटी कोळंबी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि तो मिटतो तेव्हा हा आवाज होतो. अशा असंख्य नांग्या खाली काम करत होत्या. मग फेरीबोट सुटली. वर कानाला ती घरघरते एवढंच. खाली तिच्या पंख्याचा प्रत्येक फेरा वेगळा ऐकू येत होता आणि त्याच्या मागून साखळीचा लांबलचक ओरखडा. बोट पलीकडे पोचेपर्यंत मी हेडफोन काढला नाही. जी मांडवी मी इतकी वर्षं पुलावरून बघत आले, ती इतकी बोलकी असेल याची कल्पना नव्हती. आणि नदी ही तर आम्ही वरून खाली पाठवलेली. मी कुठली म्हणून मुलीने विचारलं. कणकुंबीची म्हणून सांगितलं. ती पटकन म्हणाली, “म्हणजे हे पाणी तुमच्याकडून येतं.”

कणकुंबीचं नाव पणजीत एका तरुण मुलीला ठाऊक असण्याचं कारण संगीत नाही, हे मला लगेच कळलं. कारण कळसा-भांडुरा. कळशाचं पश्चिमेला जाणारं पाणी वळवून मलप्रभेत आणायचं, या प्रकल्पाचं काम आमच्या गावात 2006 साली सुरू झालं. गावाच्या कडेने जमीन चिरून कालवा खणला. गोवा कोर्टात गेला, 2010 साली लवाद नेमला गेला, 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याचा निवाडा आला. कर्नाटकाला 13.42 टीएमसी, त्यातलं 3.9 टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी, त्यात कळशाचा वाटा 1.72. त्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयात आहेच. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवं आहे आणि ती तहान खोटी नाही. नदीचं गोडं पाणी आटलं तर समुद्र आत चढेल, रान सुकेल, ही गोव्याची भीतीही खोटी नाही. आम्ही सीमेवरची माणसं. आम्हाला दोन्हीकडचे लोक पुष्कळ प्रश्न विचारतात. भाषा कुठली, राज्य कुठलं, पाणी कुणाचं. हे पाणी वाजतं कसं, हा प्रश्न मात्र त्या धक्क्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आला. या नाल्याचे प्रवाह मोजले गेले, नकाशे निघाले, फायली दिल्लीपर्यंत गेल्या. कुर्डीचंही असंच सगळं मोजून झालं असणार. मोगूबाईंचं ते गाव साळावलीच्या धरणात गेलं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की देवळाची जागा उघडी पडते आणि जुने गावकरी तिथे जमतात. त्या गावात सकाळी काय काय ऐकू येत होतं, कोणत्या आवाजांत ती मुलगी आपला षड्ज लावायला शिकली, हे आता कुणालाही ऐकता येणार नाही.

अजून ऐकता येईल असंही आमच्याकडे काही उरलं आहे. आमच्या खानापूर तालुक्यातच तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाची शास्त्राला 1913 साली ओळख झाली आणि पुढे कित्येक वर्षं जगात त्याचं तेवढंच घर माहीत होतं. बहुतेक वटवाघळांची हाक माणसाच्या कानापलीकडची असते. याची हाक बरीच खालच्या पट्टीतली, तरुण कानाला काठाकाठाने लागेल अशी. मला आता ती ऐकू येईल की नाही सांगता येत नाही. शाळेतल्या मुलांना येईल. त्यांना एकदा तरी कोणी तिथे जवळपास नेऊन, गुहेत न शिरता, अंधारात उभं करायला हवं. धारवाडला गाणं ऐकायला नेतात तसं.

परतीच्या बसमधून मी मध्येच गावी उतरले. आप्पा ओसरीवर होते. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, नाल्याच्या काठाला त्यांची खाचरं. त्या मुलीने तिचं ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर पाठवलं होतं. ते मी त्यांना लावून दिलं. त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवला नाही, एका कानाशी धरला आणि बराच वेळ ऐकलं.

“काय वाजतंय गं हे?”

“कोळंबी, आप्पा. पणजीच्या नदीत.”

“नांगी वाजवते?”

“हो.”

“मग आमचा खेकडाही वाजवत असणार की.” ते थोडे पुढे सरकून बसले. “खरं त्याला आत्ता नको बघायला, आत्ता तो बिळात. पहिल्या पावसाला बाहेर पडतो. तुझं ते मशीन पाण्यात टाकायचं असतं काय?”

मी हो म्हटलं. मग आप्पा बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. कालवा खणायच्या आधी नाला खालच्या वळणाला दगडांच्या कपारीत शिरायचा. तिथे मोठ्या पावसात तो घुमायचा, रात्री अंथरुणात ऐकू यायचं आणि पाणी किती चढलंय ते कळायचं. खणल्यावर तो घुमायचा बंद झाला. आता वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीपलीकडे, एक जागा उरली आहे तिथे थोडं तसं होतं. तिथे जायचं. रोपणी उरकल्याशिवाय यायचं नाही, बरोबर यायला कोणी मोकळं नसतं. ऑगस्टात यायचं. जळवांसाठी तंबाखू आणि मीठ मी देतो. आणि नुसत्या कळशाचं घेऊ नकोस, मलप्रभेचंही घे, ती पण आपलीच.

“खरं उगमाच्या कुंडापाशी नको घेऊ,” ते म्हणाले, “तिथे देवळाची घंटा वाजते.”

“घंटा असू दे की, आप्पा. तीही धरू.”

“आणि गोव्याचे ट्रक? रात्रभर असतात.”

“तेही.”

आप्पांनी थोडा विचार केला. “मग पहाटे पाचला ये. तेव्हा घंटा, ट्रक, दुधाच्या किटल्या आणि पाणी, सगळं एकदम मिळतं. साडेपाच झाले की कावळे ओरडायला लागतात, मग तुला त्यांचंच घ्यावं लागेल.”